चुलीवरची बाराबोर

बंदुकीच्या दुकानात मिस्त्री आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस नकळत अर्धं पाऊल मागे सरायचा. मग जरा वेळाने हळूच विचारायचा, म्हणजे तुम्हाला चालवता येते? खरं सांगतो, सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी जेवढे बार काढले असतील, तेवढे एखाद्या लग्नाच्या वरातीत फटाके वाजतात. तेही दुरुस्तीनंतरची तपासणी म्हणून. मारायचं काम माझं नव्हतं. माझं काम बंदूक ओळखायचं. ही कुठली, कोणत्या कारखान्यातून निघाली, नळी हिचीच की दुसरीची आणून बसवलीय, खांद्याला टेकणारा दस्ता कुठल्या लाकडाचा, तो पहिलाच की नंतरचा. माणसाला नाव-गाव विचारता येतं, बंदुकीला विचारता येत नाही. तिला उघडावं लागतं. आणि जुनी दुनळी उघडताना आजही, नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी, माझ्या बोटांना मुंग्या येतात.

मी मूळचा पॉलिशवाला. नाशिकला पंचवटीत एका फर्निचरच्या कारखान्यात कपाटांना आणि पलंगांना चकाकी आणायचो. शालिमारजवळच्या बंदुकीच्या दुकानातले शेठ एकदा एक मोडका दस्ता कापडात गुंडाळून घेऊन आले. मुठीपाशी उभा तडा गेला होता. म्हणाले, हे जोडून दे, पण जोड दिसायला नको. मी ते लाकूड हातात घेतलं आणि तोपर्यंत पॉलिश केलेलं सगळं सागवान, शिसव आणि प्लायवूड मला एकदम फिकं वाटायला लागलं. तपकिरी पोटात काळ्या रेषा, त्या रेषा मुठीपाशी सरळ आणि मागे जाताना धुरासारख्या वळलेल्या. अक्रोडाचं लाकूड होतं ते. जोड मी दिला, तो दिसला नाही, आणि महिन्याभरात मी शेठच्या दुकानात होतो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. पहिली लाकडाची. चांगल्या दस्त्याला अक्रोडच का? कारण बार निघाला की बंदूक मागे लाथ मारते, आणि ती लाथ दरवेळी लाकडाने सोसायची असते. सागवान तिथे तडकतं. शिसव टिकते पण जड, बंदूक खांद्यावर येईपर्यंत तितर उडून जायचा. अक्रोड हलकं, चिवट आणि जरा लवचीक. त्यातही मुठीतून जाणारी रेषा सरळ हवी. मागच्या भागात कितीही नक्षी असू दे, मुठीत रेषा आडवी गेली की तो दस्ता मोडणारच. गिऱ्हाईक मागची नक्षी बघून वेडं होतं, मिस्त्री आधी मूठ बघतो.

दुसरी गोष्ट छापांची. इंग्रजी बंदुकीवर कारखान्याचं नाव वर दिसतं, पण नावावर भुलायचं नाही. नाव कोणीही कोरतं. खरी कुंडली नळीच्या पोटाखाली असते. नळ्या काढून उलट्या केल्या की जो सपाट भाग दिसतो, त्यावर छोटे छोटे ठसे असतात. मुकुट, मुकुटाखाली अक्षरं, नळी किती दाबाला तपासली त्याच्या खुणा. लंडनचा ठसा वेगळा, बर्मिंगहॅमचा वेगळा, बेल्जियमचा तर अंडाकृती. हे ठसे हातोडीने ठोकलेले असतात, त्यामुळे कडेला लोखंड किंचित उचललेलं लागतं. नखाने कळतं. नकली ठसा कोरलेला असतो, त्याला कड नसते. मी भिंगापेक्षा नखावर जास्त विश्वास ठेवायचो, आणि त्यापायी डाव्या अंगठ्याचं नख कायम वाढवलेलं असायचं. त्यावरून घरी बोलणी खायचो ते निराळं.

विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी एकदा मोठ्या थाटात आले होते. संस्थानातली बंदूक म्हणून घेतलेली. वर लंडनचं नाव, वेलबुट्टी, एक हरीण आणि एक बहुतेक कुत्रा. मी नळ्या उलट्या केल्या, मुकुटावरून नख फिरवलं आणि ते घसरत गेलं. मुकुट कोरलेला होता, तोही एखाद्या देवाच्या टोपासारखा. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, खोटी आहे ना? मी मान हलवली. ते खुर्चीत बसून खदाखदा हसले आणि म्हणाले, कुत्रा बघितला तेव्हाच मला शंका आली होती.

याच्या उलट दिंडोरीचे एक द्राक्षबागाईतदार. त्यांच्या बंदुकीचा दस्ता लालभडक. ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवून उरलेला ऑइलपेंट वाया जाऊ नये म्हणून त्यांनी दस्त्याला दोन हात मारले होते. मी तो रंग काचेच्या तुकड्याने खरवडायला बसलो तेव्हा शिव्या देत होतो, आणि तासाभराने शेठना हाका मारत होतो. खाली असं अक्रोड निघालं, की दुकानातली सगळी माणसं काम टाकून बघायला आली. जवसाच्या तेलाचा पहिला बोळा फिरवला आणि त्या रेषा जाग्या झाल्या. बागाईतदार मात्र हळहळत म्हणाले, लाल बरा दिसत होता.

असे दिवस गेले की माणसाला आपण फार शहाणे झालो असं वाटायला लागतं. मलाही वाटायला लागलं होतं. जिल्ह्यात ‘मिस्त्री म्हणतो ना, मग झालं’ असं माझ्याबद्दल बोललं जायचं आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. आता ज्या बंदुकीबद्दल लिहायला बसलो आहे तिच्याकडे येतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती. निवडणूक आली की परवानेदारांना आपल्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि निकालानंतर परत मिळतात. एका सकाळी तालुक्याच्या ठाण्यातले हवालदार घोंगडीत गुंडाळलेली एक दुनळी आणि फौजदारांचं पत्र घेऊन दुकानात आले. सोबत साठीच्या आसपासचा एक माणूस होता. धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. तो दुकानाच्या पायरीवरच उभा राहिला, आत येईना.

पत्रात लिहिलं होतं ते असं. सोमा पाटील, वणीच्या पुढे सुरगाण्याच्या रस्त्याला डोंगरात गाव आहे, तिथले पोलीस पाटील. पिकं राखण्यासाठी वडिलांपासून बाराबोर बंदुकीचा परवाना. परवान्यावर बंदुकीचा नंबर चोवीसशे सतरा, दस्ता अक्रोडाचा. ठाण्यात जमा झालेल्या बंदुकीवर मात्र चापाभोवतीच्या कडीवर पाच आकडी वेगळाच नंबर, आणि दस्ता काळ्या शिसवीचा. सबब, मूळ बंदूक परस्पर विकून तिच्या जागी दुसरी ठेवल्याचा संशय आहे, तरी तज्ज्ञ म्हणून अभिप्राय द्यावा.

मी त्या पायरीवरच्या माणसाकडे बघितलं. पोलीस पाटील म्हणजे गावातला सरकारचा माणूस. त्याच्यावरच हत्यार बदलल्याचा गुन्हा म्हणजे पद तर जाणारच, वर कोर्टकचेरी. त्यातून त्या डोंगरात एक रीत होती. गावातले बाकी तीन परवानेदार आपापली बंदूक पाटलाच्या हवाली करत, पाटील चारही बंदुका ठाण्यात जमा करून त्यांच्या पावत्या आणून देई. कागदात बसत नसेल, पण वर्षानुवर्षं चाललेलं होतं. ज्याच्या हातात गाव डोळे झाकून हत्यार देत होतं, त्यानेच बंदूक बदलली असा बोभाटा झाला होता.

मी त्यांना आत बोलावून स्टुलावर बसवलं. ते म्हणाले, “मिस्त्री, ही माझ्या बापाचीच बंदूक हाय. तुमी नीट बघा, मंग लिवा. मला दुसरं काय नाय मागायचं.”

हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाले की साहेब वाईट नाहीत, नवीन आहेत, प्रत्येक बंदूक स्वतः बघतात. तालुक्याच्या सुतारालाही दाखवली, त्याने शिसव सांगितलं.

मी बंदूक उचलली. उचलताक्षणी कळलं, ही शिसव नाही. शिसवीचा दस्ता असता तर तोल मागे गेला असता. ही तर नळी आणि दस्ता जिथे जोडतात बरोबर तिथे बोटावर तोलून राहिली. पण दिसायला दस्ता काळाकुट्ट. नाकाजवळ नेला आणि वास आला. धूर. वर्षानुवर्षांचा, मुरलेला.

विचारलं, बंदूक ठेवता कुठे? पाटील म्हणाले, चुलीवर. त्यांच्याकडे पाऊस असा, की चार महिने भिंतीला हात लावला तरी ओला होतो. लोखंड गंजतं, लाकडाला कीड लागते. म्हणून बियाणाची कणसं टांगतात तशी बंदूकही चुलीच्या वर आढ्याला टांगायची. धुराने ना गंज चढतो ना कीड लागते. आजूबाजूच्या सगळ्या गावांत अशीच ठेवतात, त्यात सांगण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा होता.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला. दस्त्याच्या मागे, खांद्याला टेकतो तिथे, शिंगाची एक पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. ती निघाली तर तिच्याखालचं लाकूड धुराने कधी पाहिलेलंच नसणार. स्क्रू घट्ट बसलेले. थेंबभर तेल सोडलं, थांबलो, पुन्हा सोडलं. हवालदारांचा चहा आला आणि गार झाला. पहिला स्क्रू करकरला, दुसरा फिरला, पट्टी हातात आली. खाली फिकट चॉकलेटी लाकूड आणि त्यात काळ्या रेषा! मी बंदूक उलटी करून दोघांच्या नाकासमोर धरली. हे बघा अक्रोड, हे बघा, म्हणून मी इतका मोठ्याने बोलायला लागलो की शेठ गल्ल्यावरून उठून आले.

सोमा पाटील खाली वाकून बघत राहिले. इतकी वर्षं बंदूक वापरूनही त्यांनी स्वतःच्या बंदुकीचं लाकूड बघितलेलं नव्हतं.

दस्ता झाला. राहिला नंबर. चापाच्या कडीवर नंबर लख्ख दिसत होता. इतका लख्ख कसा, हे विचारलं तेव्हा पाटील जरा ओशाळले. दसऱ्याला हत्याराची पूजा, म्हणून थोरल्या सुनेने, यमुनाने, चिंच आणि राख लावून बंदुकीचं सगळं लोखंड हंड्या-कळशांबरोबर घासून काढलं होतं. त्याआधी तिथे काजळीचा थर होता. नंबर आहे हेच घरात कोणाला माहीत नव्हतं.

मी नळ्या काढल्या, नळ्यांखालचा, डाव्या मुठीत धरायचा पुढचा लाकडी हात काढला, तिन्ही भाग फडक्यावर मांडले. इंग्रजी बंदुकीचा नंबर एकाच जागी नसतो. कडीवर असतो, नळीच्या पोटावर असतो, पुढच्या हाताच्या लोखंडावर असतो. तिन्ही जुळले तर बंदूक एकाच घरची. रॉकेलमध्ये दातांचा जुना ब्रश बुडवून मी घासलं, वर खडू फिरवला, पुसला. खडू खाचांत राहतो आणि आकडे पांढरे दिसतात. तिन्ही जागी तोच पाच आकडी नंबर. बंदूक अस्सल, अखंड, एकाही भागाची अदलाबदल नाही.

पण परवान्यावरचा नंबर हा नव्हताच. म्हणजे ही बंदूक कितीही अस्सल असली तरी परवान्यातली ती हीच, हे कुठे ठरलं? पाटलांना ते माझ्याआधी कळलं असावं. ते हातातली टोपी नुसती फिरवत होते.

मग मी नळ्या जिथे बसतात ते खालचं लोखंड उजेडाकडे केलं. बंदूक मिटली की ही जागा पूर्ण झाकली जाते, त्यामुळे तिथे ना काजळी ना राख. इंग्रजी अक्षरांत पेटंट असं ठोकलेलं, आणि पुढे आकडा. चोवीसशे सतरा.

मी स्टुलावरून उठलोच. पेटंटचा नंबर म्हणजे काय ते सांगतो. एखाद्या कारागिराने नवी कळ, म्हणजे बंदूक उघडायची-मिटायची नवी युक्ती, शोधली की दुसरे कारखानेही ती वापरत, आणि ती कळ असलेल्या प्रत्येक बंदुकीवर क्रमाने आकडा ठोकत. तो कळीचा आकडा, बंदुकीचा नंबर नव्हे. पण परवान्यावर तोच आकडा होता, म्हणजे परवाना लिहिला गेला तेव्हा हीच बंदूक समोर होती. दुसऱ्या कुठल्याही बंदुकीत हा आकडा, ही कळ, हे अक्रोड असं एकत्र येणं शक्य नव्हतं. मी हवालदारांचा हात धरून त्यांना तो आकडा दाखवला, शेठना दाखवला, पाटलांना दाखवला. पाटलांनी त्यावरून बोट फिरवलं आणि डोळे पुसले. त्या क्षणी मला जिल्ह्यात माझ्यासारखा मिस्त्री नाही असं वाटत होतं.

तो आनंद फार तर दहा मिनिटं टिकला. हवालदारांनी साधा प्रश्न विचारला, मग परवान्यावर कळीचा नंबर लिहिला कोणी? पाटील म्हणाले की आठ-नऊ वर्षांपूर्वी जुनं पुस्तक पावसात भिजलं, कचेरीतल्या जुन्या कागदाला वाळवी लागलेली, म्हणून नवं पुस्तक मिळताना दुकानाचा दाखला मागितला होता. कोणतं दुकान? पाटलांनी आजूबाजूला बघितलं. त्या वेळी बंदूक त्यांचा मुलगा घेऊन आला होता, त्यांना आठवत नव्हतं.

मला आठवलं. मी माडीवर जाऊन फाइल काढली. दाखल्याची प्रत होती. खाली दुकानाचा शिक्का, वर माझं अक्षर. ‘नंबर २४१७, दस्ता अक्रोड.’ दुकानात येऊन मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. कडीवर काजळी होती, ती घासायचे कष्ट घेतले नाहीत. जो आकडा स्वच्छ दिसला तो लिहून मोकळा झालो. धुराने काळं झालेलं लाकूड तेव्हाही बरोबर ओळखलं होतं आणि त्याच ऐटीत नंबर चुकलो होतो.

मी शेठना वर बोलावून फाइल दाखवली. त्यांनी ती मिटली. शेठ लबाड माणूस नव्हता. पण दुकान दुरुस्तीच्या आणि दाखल्याच्या परवान्याच्या जिवावर चालतं, एक दाखला चुकला म्हटलं की सगळ्यांवर प्रश्न. ते हळू आवाजात म्हणाले, “नंबर सापडलाय ना, मग पाटील सुटला. लेखनात गफलत झाली असावी, एवढं लिही. ‘असावी’ लिहिल्याने कोणाचं काय जातं?”

आणि मी ते लिहिलं. इथे सबब सांगणार नाही. मी घाबरलो होतो. ‘मिस्त्री म्हणतो ना’ हे वाक्य मला हवं होतं. खाली येऊन, दाखला कोणत्या दुकानाचा हा विषय टाळत मी छान अक्षरात अभिप्राय लिहिला, लाकडाचं, तिन्ही नंबरांचं, कळीच्या आकड्याचं सगळं खरं लिहिलं, आणि शेवटी ‘पूर्वी लेखनात गफलत झाली असावी’ हे वाक्य. वाचणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी कारकुनाने केली असेल. सोमा पाटलांनी जाताना माझे दोन्ही हात धरले. मला ते हात सोडवून घ्यावेसे वाटले.

फौजदारांनी अभिप्राय मान्य केला, परवान्यावरचा नंबर दुरुस्त झाला, बंदूक परत मिळाली. मी सुटलो असं समजून कामाला लागलो.

महिन्याभराने सोमा पाटील पुन्हा दुकानात आले. या वेळी एकटे, बंदूक नाही. मी चहा सांगितला तर नको म्हणाले. जिल्हा परिषदेच्या एका जागेची पोटनिवडणूक लागली होती, पुन्हा बंदुका जमा करायच्या होत्या, आणि गावातल्या तिघांनी आपापली बंदूक पाटलाकडे द्यायला नकार दिला होता. आम्ही आमची ठाण्यात नेऊ म्हणाले. त्यात काळू आबा होते, पाटलांच्या वडिलांचे जोडीदार. गावात एकच बोललं जात होतं, की पाटलाने नाशिकला जाऊन कागद मॅनेज केला. चूक झाली म्हणतात, तर मग ती केली कोणी? नाव का नाही?

“कागद सुटला मिस्त्री,” ते म्हणाले. “मी नाय सुटलो.”

ते माझ्याकडे काही मागायला आले नव्हते. पुढे जे विचारलं ते अगदी भाबडेपणाने. तो कारकून कोण होता ते शोधता येईल का? त्याला गावात आणता येईल का?

मी माडीवर गेलो, फाइल घेऊन खाली आलो आणि त्यांच्यासमोर ठेवली. अक्षर माझं आहे असं सांगितलं. त्यांनी तो कागद उजेडाकडे धरून बघितला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं की हे त्या दिवशी माहीत होतं का. मी हो म्हटलं. ते उठले, पिशवी उचलली आणि म्हणाले, “मंग कारकून नको. तुमीच या.”

त्याच दुपारी मी फौजदारांना दुसरं पत्र लिहिलं. चुकीचा दाखला मी दिला, आणि पहिल्या अभिप्रायात ते लपवलं. शेठ त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. माझ्या पहिल्या दोन वर्षांतले सगळे दाखले पुन्हा तपासायचे ठरले. ते मीच मागून घेतलं होतं. त्यात आणखी दोन बंदुकांचे नंबर चुकलेले निघाले, दोन्ही डोंगरातल्या, दोन्ही चुलीवर टांगलेल्या. ते मालक बिचारे आपापल्या घरी निवांत होते. त्यांच्या सुनांनी अजून चिंच लावली नव्हती, एवढंच.

पत्र टाकल्यावर दोन दिवसांनी मी एसटीने वणीला उतरलो आणि तिथून जीपने पाटलांच्या गावी गेलो. शाळेच्या ओट्यावर माणसं जमली होती. बायका बाजूला झाडाखाली. मी पाटलांची बंदूक मागितली. यमुनाने ती आढ्यावरून काढून आणली. मी नळ्या वेगळ्या केल्या, खडू फिरवला, आणि दोन्ही आकडे ज्याला बघायचे त्याला बघू दिले. लोक एकेक करून आले, वाकून बघून गेले. काळू आबा शेवटी आले. ऐंशीच्या पुढचे, पण नजर धारदार.

“येका बंदुकीला दोन नंबर कशाला?” त्यांनी विचारलं.

मी कळीचं आणि पेटंटचं सांगायला लागलो आणि माझ्याच बोलण्यात गुंतलो. झाडाखालून यमुना म्हणाली, “आबा, जीपला नाय का, इंजिनाचा नंबर येगळा आन् चेसीचा येगळा. तसं हाय.” सगळ्यांना ते एका दमात कळलं. दहा वर्षांच्या नोकरीत मला ते इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

मग मी खिशातून दाखल्याची प्रत काढली आणि जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. हा कागद मी लिहिला. काजळी घासली असती तर खरा नंबर दिसला असता, मी घासली नाही. नंतर चूक कळली तेव्हाही माझं नाव वाचवायला मी कारकुनावर ढकललं. पाटलाने बंदूक बदलली नाही, काही मॅनेज केलं नाही. लाज वाटत होती आणि त्याच वेळी छातीवरचं ओझं उतरत होतं. दोन्ही खरं आहे.

काळू आबांनी तो कागद हातात घेतला, त्यांना वाचता येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत बघितला. परत दिला. आणि काठी टेकत ओट्यावरून उतरून निघून गेले. पाटील खाली मान घालून बसले होते.

थोड्या वेळाने आबा परत आले. हातात ठासणीची लांब बंदूक, धुराने काळीभोर, आणि फडक्यात बांधलेलं परवान्याचं पुस्तक. ओट्यापाशी येऊन त्यांनी दोन्ही सोमा पाटलांच्या पुढ्यात धरलं. “घे,” एवढंच म्हणाले. “जमा कर.”

पाटील उठून उभे राहिले. दोन्ही हातांनी त्यांनी बंदूक घेतली. मागे उभे असलेले बाकीचे दोघे परवानेदार एकमेकांकडे बघत घराकडे वळले, आपल्या बंदुका आणायला. सवयीने माझाही हात पुढे झाला, बंदूक घेऊन नंबर बघायला. खडू बोटांत होताच.

पाटलांनी बंदूक दिली नाही. माझ्या हातातला खडू तेवढा घेतला.

“राहू द्या मिस्त्री,” ते म्हणाले. “नंबर मी वाचतो.”

त्यांनी धोतराच्या सोग्याने काजळी पुसली, खडू फिरवला, आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत गेले. यमुना परवान्याचं पुस्तक उघडून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत होती. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. सगळे आकडे जुळले.